एफ-एस कमांडो खंजीर: कोणता घ्यावा, कसा तपासावा

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी खंजिरांत फेअरबेर्न-साइक्स फायटिंग नाइफइतक्या उड्या क्वचितच दुसऱ्या कशावर पडत असतील. बोलताना सगळे त्याला एफ-एसच म्हणतात. ब्रिटिश कमांडोंचा हा खंजीर रॉयल मरीन्सच्या कमांडो दलाच्या बिल्ल्यावर आहे. आपल्या पॅरा स्पेशल फोर्सेसच्या ‘बलिदान’ बिल्ल्यावरही टोक खाली केलेला कमांडो खंजीरच आहे. (२०१९ च्या विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्ह्जवरून गदारोळ झाला तो याच बिल्ल्यामुळे.) एवढी मागणी म्हटल्यावर नकला आल्याच. पण अख्खा नकली एफ-एस ओळखणं तसं सोपं असतं. फसगत होते ती अर्ध्या खऱ्या मालात. खंजीर इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात घडलेलाच असतो, पण युद्धानंतरचा, आणि त्यावर कुणीतरी फुरसतीत युद्धकाळातला शिक्का मारलेला असतो. विक्रेता आधी शिक्का दाखवतो आणि घेणाराही शिक्काच आधी बघतो. खरं तर शिक्का सगळ्यात शेवटी वाचायची गोष्ट आहे.

विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स हे दोघे शांघाय म्युनिसिपल पोलिसांतले. नोव्हेंबर १९४० मध्ये लंडनला विल्किन्सन स्वोर्ड कंपनीत त्यांनी या खंजिराचा आराखडा पक्का केला आणि जानेवारी १९४१ पासून माल यायला लागला. दोन्ही बाजूंनी धार असलेलं निमुळतं पातं आणि मुठीकडे झुकणारं वजन, एवढं आजतागायत कायम राहिलं. एकूण लांबी साडेअकरा इंचांच्या आसपास, त्यात पातं साडेसहा ते सात इंच. बाकी बरंच बदलत गेलं, आणि घेणाऱ्याच्या कामाचे आहेत ते हेच बदल.

संग्राहक तीन नमुने मानतात. फर्स्ट पॅटर्नचा गार्ड, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधली आडवी पट्टी, इंग्रजी ‘एस’सारखा उलटसुलट वळलेला असतो. पात्याच्या बुडाशी सपाट चौकोनी भाग असतो, त्याला रिकासो म्हणतात. त्याच्या एका बाजूला खंजिराचं नाव आणि दुसऱ्या बाजूला विल्किन्सनचं नाव आम्लाने कोरलेलं असतं. मूठ पितळेची, निकेल चढवलेली आणि बारीक चौकड्यांनी खरखरीत केलेली. १९४२ च्या उत्तरार्धात सेकंड पॅटर्न आला. त्याचा गार्ड सरळ, लंबगोल आणि साधारण दोन इंचांचा. रिकासो गेला आणि पात्याचा चौकटच्या पानासारखा छेद थेट गार्डपर्यंत पोचला. मूठ मात्र पितळेचीच राहिली, कधी निकेलची तर कधी काळी केलेली. १९४३ च्या अखेरीस थर्ड पॅटर्न सुरू झाला. त्याची मूठ जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली, आणि अंगावर आडव्या गोल कड्या. हाच नमुना युद्धानंतरही शेफिल्डमध्ये वर्षानुवर्षं निघत राहिला. बाजारातला बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो.

तपासायला जाताना व्हर्निअर कॅलिपर, दहापट भिंग, सहा इंची स्टीलपट्टी, छोटं चुंबक, साधा टॉर्च आणि एक अतिनील टॉर्च एवढं बरोबर असलं की भागतं. विक्रेता हात लावू देत नसेल किंवा भिंग बघून त्याचा चेहरा बदलत असेल, तर तिथून निघालेलं बरं.

सुरुवात मुठीपासून करा. पितळ आणि जस्ताचा मिश्रधातू, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. मुठीला चुंबक खटकन बसलं तर आत लोखंड आहे, म्हणजे पुढे बघण्यासारखं काही नाही. एक अपवाद लक्षात असू द्या. निकेलला स्वतःला चुंबक ओढतं, त्यामुळे निकेल चढवलेल्या पितळी मुठीवर जबरदस्त ताकदीचं नवं चुंबक टेकवलं तर अगदी हलकी ओढ जाणवू शकते. खटकन बसणं आणि हलकी ओढ यांतला फरक हाताला लगेच कळतो.

त्यानंतर मुठीची लांबी आणि मधला फुगीर व्यास मोजा आणि खात्रीच्या खंजिराशी ताडून बघा. खऱ्या मुठीवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल हमखास थोडी लहान भरते, कारण धातू थंड होताना आकसतो. पितळ शंभरात दीड ते दोन भाग, जस्ताचा मिश्रधातू त्याहून कमी. दहा सेंटिमीटरच्या मुठीत एक-दोन मिलिमीटर म्हणजे डोळ्यांना काहीच नाही, पण कॅलिपरच्या तावडीतून ते सुटत नाही. अशा नकलेत कड्यांच्या किंवा चौकड्यांच्या कडाही बोथट असतात, आणि भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. सेकंड पॅटर्नच्या खऱ्या मुठीवरच्या चौकड्या यंत्रावर दाबून काढलेल्या आहेत. कमी झिजलेल्या जागी, म्हणजे गार्डलगत, त्या अजूनही बोटाला टोचायला हव्यात.

झीज कुठे आहे तेही बघा. हातात वापरलेली मूठ तळवा बसतो तिथे घासते आणि म्यानाच्या इलॅस्टिक पट्टीखाली एक वेगळा पट्टा उमटतो. पॉलिशच्या चाकावर फिरवून म्हातारी केलेली मूठ सगळीकडे सारखीच म्हातारी असते. चौकड्यांच्या खाचांत जुना मळ घट्ट बसलेला असतो. विक्रेत्याची परवानगी घेऊन कापसाची काडी टर्पेंटाइनमध्ये बुडवून एका कोपऱ्यात फिरवा. ऐंशी वर्षांचा मळ काही लगेच निघत नाही. बुटाचं पॉलिश मात्र पहिल्याच फेरीत काडीवर येतं.

थर्ड पॅटर्नच्या मुठीवर नटाच्या बाजूला १ ते ४ यांपैकी एक उठावदार आकडा सापडतो. तो ज्या साच्यातून मूठ निघाली त्या साच्याचा. आकडा असणं चांगलं, पण तेवढ्यावर पैसे मोजायचे नाहीत. काळा थर झिजला की खाली तांबूस झाक दिसते, तिला घाबरायचं कारण नाही. पांढरी भुकटी सुटत असेल तर मात्र जस्त कुजायला लागलंय आणि ते थांबत नाही.

मुठीच्या टोकाला नट असतो. पात्याची दांडी मुठीच्या आरपार जाऊन त्या नटात आवळलेली असते. नटाच्या कडेवर पकडीचे ताजे, चकचकीत ओरखडे असतील तर खंजीर अलीकडे उघडलाय, आणि उघडण्याचं कारण बहुतेक वेळा मूठ नाहीतर गार्ड बदलणं हेच असतं. षटकोनी पान्याचा खड्डा असलेला नट दिसला तर ठेवून द्या आणि चहा प्यायला जा.

आता पातं. युद्धकाळातली पाती माणसांनी सहाणेवर धरून काढलेली आहेत. मधला कणा गार्डपासून टोकाकडे जाताना किंचित डावी-उजवीकडे सरकतो, आणि चारही उतार तंतोतंत सारखे नसतात. डोळ्यासमोर खंजीर बंदुकीसारखा धरून टोकाकडे बघा. कणा आरशासारखा सरळ आणि चारही बाजू छापील असतील तर ते यंत्रावरचं आजचं पातं आहे. उलट, वेडंवाकडं पातं म्हणजे जुनं पातं असंही नाही. स्वस्तातल्या नकलांत कणा धड नसतोच, कधी पात्याच्या मध्यावर विरून जातो, आणि छेद चौकटच्या पानासारखा न राहता भिंगासारखा फुगीर होतो. थोडक्यात, सरावलेल्या हाताची घाई आणि शिकाऊ हाताचा गोंधळ यांत फरक करायला चार-पाच खरी पाती हाताळावी लागतात. त्याला दुसरा उपाय नाही.

लांबी मोजल्याशिवाय पात्याबद्दल बोलू नये. या खंजिराचं टोक मुळातच नाजूक, त्यामुळे मोडलेली टोकं भरपूर. मोडलेलं टोक घासून पुन्हा काढलं की पातं आखूड होतं आणि शेवटच्या इंचात उतार एकदम तीव्र होतो. सावलीत बघितलं तर धारेची रेषा तिथे खांदा मारल्यासारखी मोडते. असा खंजीर खोटा नसतो, पण त्याची पूर्ण किंमत द्यायची नसते.

काळ्या पात्यांच्या बाबतीत एक साधा तर्क पुरतो. गंजाचे खड्डे काळ्या थराच्या वर आले असतील तर क्रम बरोबर: आधी रंग, मग गंज. खड्ड्याच्या तळापर्यंत सलग काळा रंग उतरला असेल तर आधी गंज आणि मग रंग, म्हणजे पातं नंतर काळं केलेलं. मुद्दाम गंजवलेलं पातंही असंच उघडं पडतं. आम्लात किंवा फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून काढलेल्या पात्यावर खड्डे सगळीकडे एकाच मापाचे येतात. खरा गंज लबाड असतो, तो ओल साचते तिथेच धरतो: गार्डच्या सांध्यात, म्यानाच्या तोंडाशी, टोकाच्या पितळी टोपीत.

फर्स्ट पॅटर्न घ्यायचा विचार असेल तर रिकासोवर पाच मिनिटं जास्त घालवा, कारण जास्तीत जास्त पैसे त्या एक इंचावर ठरतात. खरा रिकासो म्हणजे ज्या पट्टीतून पातं काढलं तिची मूळ जाडी. सहाणेवर उतार काढताना तेवढा भाग तसाच सोडलेला असतो. त्यामुळे पात्याचा मधला कणा जिथे रिकासोला भिडतो तिथे दोन्ही एका पातळीवर येतात. सेकंड पॅटर्नच्या साध्या पात्यावर नंतर सपाट भाग घासून ‘फर्स्ट’ केला असेल तर तो कण्याच्या खाली बसतो. स्टीलपट्टी कण्यावर लांबीच्या दिशेने टेकवा. रिकासोवर ती अधांतरी राहिली आणि खालून उजेड दिसला तर काय झालंय ते कळलंच. कॅलिपरनेही ताडा: रिकासोची जाडी त्याच्या लगतच्या कण्यापेक्षा कमी भरायला नको.

मग अक्षरं. आम्लाने कोरलेलं अक्षर उथळ असतं, तळ करडा आणि दाणेदार, कडा भिंगाखाली किंचित खडबडीत. लेझरने काढलेल्या अक्षराचा तळ एकसारख्या बारीक रेषांचा किंवा ठिपक्यांचा असतो आणि बरेचदा भाजल्यासारखा तपकिरी. जुन्या नकलांत अक्षरंही आम्लानेच कोरलेली असतात, पण ती छापील कागदाच्या छायाचित्रावरून उतरवल्यामुळे बारीक अक्षरांची पोटं बुजलेली असतात. आणखी एक तपासणी कुणी करत नाही. पातं खूप वेळा पॉलिश झालं असेल तर अक्षरंही त्या प्रमाणात पुसट व्हायला हवीत. झिजलेल्या रिकासोवर ठसठशीत अक्षरं बघून आनंद व्हायच्या आधी शंका आली पाहिजे.

आता गार्ड, आणि त्यावरचे शिक्के. ब्रिटिश सरकारी मालावर रुंद बाण असतो, मधली उभी रेघ आणि दोन तिरक्या. त्याच्यासोबत तपासनिसाचा आकडा असतो, आणि ‘बी२’ हा शिक्का तर सेकंड आणि थर्ड दोन्ही नमुन्यांवर भेटतो. भोवती ‘सी’ असलेला बाण कॅनडाचा, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारी मालावर बाणात ‘आय’ असतो. विक्रेता एक सांगतोय आणि बाण दुसरंच, असं होतं, तेव्हा एवढं पाठ असलेलं बरं.

युद्धानंतरच्या व्यापारी मालाची सगळ्यात ठळक खूण म्हणजे गार्डवर इंग्रजीत ‘इंग्लंड’ किंवा ‘शेफिल्ड इंग्लंड’ हे शब्द. सैन्याला दिलेल्या मालावर देशाचं नाव छापायचं कारणच नव्हतं. ते लागायचं निर्यातीच्या मालाला. म्हणून नकलाकाराचं पहिलं काम हे शब्द घासून काढणं आणि दुसरं काम त्या जागेपासून लांब बाण मारणं. यावर उपाय आहे. गार्डच्या सपाट बाजूवर स्टीलपट्टीची कड उभी टेकवा आणि मागून टॉर्च मारा. जिथे अक्षरं होती तिथे पट्टीखाली उजेडाची चंद्रकोर दिसते, कारण अक्षरांच्या तळापर्यंत धातू उतरवावाच लागतो. मग दोन्ही टोकांना आणि दोन्ही बाजूंच्या मध्यावर जाडी मोजा. हाताने घासलेल्या मूळ गार्डमध्येही थोडाफार फरक असतो, पण तो हळूहळू उतरतो, एकाच जागी खळगा पडत नाही.

शिक्क्याकडे बघताना ठोक्याच्या भोवती उठलेली धातूची कड शोधा. ती बोटाला जाणवत असेल आणि गार्डचा बाकीचा पृष्ठभाग गुळगुळीत झिजलेला असेल, तर शिक्का झिजेनंतरचा. जोडलेल्या खंजिराच्या गार्डखाली ऐरणीचा नीट आधार देता येत नाही. त्यामुळे नंतर मारलेल्या शिक्क्याची एक बाजू खोल, दुसरी उथळ उमटते आणि कधीकधी त्या बाजूला गार्ड किंचित वाकलेला असतो. शिक्क्याच्या तळाचा रंगही बघा. आजूबाजूला काळपट थर आणि बाणाच्या तळाशी मात्र स्वच्छ पोलाद, किंवा त्याहून वाईट म्हणजे बाणात भरलेला मार्कर, हे आजही धडधडीत विकलं जातं.

म्यानाला लोक कमी लेखतात, पण त्याच्यावरून बरंच कळतं. युद्धकाळातलं म्यान तपकिरी चामड्याचं, टोकाला पितळी टोपी, मुठीभोवती इलॅस्टिकची पट्टी आणि दोन्ही कडांना मिळून चार चामडी कान. कपड्याला शिवून टाकता यावं म्हणून ते कान दिलेले. अनेकांनी ते कापून टाकले, त्यामुळे कान नसलेलं म्यान बघून नाक मुरडू नका. शिवणीत कापलेल्या कानांची बुडखी अडकलेली आहेत का ते बघा. बुडखी नसतील आणि शिवण सलग असेल तर त्या म्यानाला कान कधी नव्हतेच.

इलॅस्टिकमधलं रबर इतक्या वर्षांत कडक होऊन तुटतं. ताणल्यावर टुणकन परत येणारी पट्टी १९४२ ची नाही. ती बदललेली असेल तर विक्रेत्याने तसं आपणहून सांगायला हवं. शिवणीवर अतिनील टॉर्च मारा. निळसर-पांढरा धागा चमकला तर धागा नवा. पितळ आणि चामडं यांचा संबंध येतो तिथे हिरवा थर जमतो. तो मेणासारखा चिकट आणि टाक्यांच्या भोकांत मुरलेला असेल तर जुना. पावडरीसारखा हिरवा, फक्त दिसेल तिथे आणि बोटाने पुसला जाणारा असेल तर तो लावलेला. शेवटी खंजीर म्यानात घाला. पात्यावरचा डागांचा पट्टा म्यानाच्या तोंडाशी जुळतो का? जुळत नसेल तर दोघांची गाठ नंतर घातलेली. त्यात पाप काही नाही, पण जोडीची किंमत मागितली जात असेल तर देऊ नका. घेतल्यावर मात्र खंजीर म्यानात ठेवू नये. चामड्यातलं आम्ल पातं खातं. पात्याला हलका तेलाचा हात द्या आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा.

गोष्टी सांगून विकलेल्या खंजिरांबद्दल वेगळं लिहायलाच हवं. पात्यावर ‘सेंट नझेर’ कोरलेला थर्ड पॅटर्न हमखास भेटतो. फ्रान्समधल्या सेंट नझेर बंदरावरचा कमांडो छापा मार्च १९४२ मधला आणि थर्ड पॅटर्न १९४३ च्या अखेरचा. फ्रान्समधल्याच दिएपचा छापा ऑगस्ट १९४२, तेव्हाही तेच. नॉर्वेतले छापे, लोफोटेन मार्च १९४१ आणि वागसो डिसेंबर १९४१, म्हणजे तिथे सेकंड पॅटर्नसुद्धा चालत नाही. एवढ्या चार तारखा फोनमध्ये लिहून ठेवल्या तरी पुष्कळ पैसे वाचतात. कोरलेलं नाव आणि तुकडीचा क्रमांक बघताना काळा थर कोरीव रेषेच्या आत गेलाय की रेषेने तोडलाय, तेही भिंगाने पाहा.

आपल्याकडची गोष्ट तर आणखी गोड आहे. १९४४ मध्ये ब्रिटिशांची तिसरी कमांडो ब्रिगेड मुंबईत उतरली, पुण्याजवळ केडगावच्या छावणीत राहिली आणि पुढे ब्रह्मदेशात आराकानच्या लढाईला गेली. त्यामुळे ‘पुण्याच्या जुन्या बाजारात गोऱ्या कमांडोचा खंजीर मिळाला’ हे वाक्य अगदीच अशक्य कोटीतलं नाही, आणि म्हणूनच ते विकलं जातं. जुना बाजार काय, मुंबईचा चोरबाजार काय, तिथेही चुंबक आणि पट्टी तितकीच कामाची. केडगावची गोष्ट ऐकून घ्या, तिचे पैसे देऊ नका. त्याच चालीवर ‘शांघायचा मूळ खंजीर’ सांगणाराही भेटतो. तसल्या तुकड्याला अस्सल कागदपत्रांशिवाय आम्ही शून्य किंमत धरतो.

अमेरिकी भावंडांबद्दल थोडक्यात. ओएसएस या युद्धकाळातल्या अमेरिकी हेरखात्यासाठी लँडर्स, फ्रॅरी अँड क्लार्क कंपनीने केलेला खंजीर एफ-एसच्याच वळणाचा, पण त्याचं म्यान उलथन्यासारखं, पत्र्याचं. कॅमिलस कंपनीने अमेरिकी मरीन्सच्या रेडर्स तुकड्यांसाठी १४,३७० खंजीर केले, त्यांची मूठ जस्ताची, आणि बहुतेक मुठी भेगाळल्या, चुरल्या. त्यामुळे कॅमिलसची मूठ ठणठणीत दिसली की ती बदललेली आहे असं धरून चालावं आणि मग उलट पुरावा शोधावा. केस कंपनीचा व्ही-४२ हा खंजीर इतका महाग आणि इतका नकलेला आहे की नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

मग घ्यायचा कोणता? पहिला एफ-एस घेणाऱ्याला आमची पसंती युद्धकाळातल्या थर्ड पॅटर्नला. ब्रिटनमध्ये तो काही शे पौंडांत मिळतो, संख्या भरपूर असल्यामुळे चार ठिकाणी ताडून बघता येतो, आणि चूक झालीच तर घर विकावं लागत नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो जस्ताच्या मुठीसाठी.

सेकंड पॅटर्न हातात घेतल्यावर सगळ्यात जास्त आवडतो. पितळी मुठीचा तोल, सरळ गार्ड, वायफळ काही नाही. पण काळी मूठ निकेलची करणं, निकेलची काळी करणं, बी२ ठोकणं हे उद्योग याच्यावरच जास्त होतात. वस्तूला पाच, बाजाराला तीन.

फर्स्ट पॅटर्न चार आकडी पौंडांत जातो. ज्याने आधी दहा-पंधरा एफ-एस हाताळलेत आणि जो लेखी हमी व परतीची मुदत घेतल्याशिवाय पैसे सोडत नाही, त्यानेच घ्यावा. ‘बघा, आवडला नाही तर बोलू’ ही हमी नव्हे. पावतीवर नमुना, काळ आणि ‘मूळ’ हा शब्द लिहून घ्या. ‘त्या शैलीचा’ असं लिहिलं असेल तर विक्रेत्याने स्वतःला सोडवून घेतलंय.

युद्धानंतरचा शेफिल्डचा, ‘इंग्लंड’ शिक्क्याचा खंजीर हा आमच्या मते सगळ्यात प्रामाणिक सौदा आहे, फक्त त्याला त्याच्याच नावाने विकलं पाहिजे. विल्किन्सनने नंतर काढलेले स्मरणिका खंजीरही तसेच देखणे आहेत. कंपनीने २००५ मध्ये तलवारी करणं थांबवलं, त्यामुळे त्यांना मागणी राहील, पण कपाटात शोभणारी वस्तू म्हणून. भारतात ऑनलाइन मिळणारे ‘कमांडो डॅगर’ हे नाटकाचं सामान. लोखंडी मूठ, काळा स्प्रे, म्यान रेक्झिनचं. पाचपैकी एक, आणि तोही भिंतीवर टांगण्यापुरता.

ऑनलाइन घेत असाल तर किमान हे फोटो मागा: नट वरून, गार्ड दोन्ही बाजूंनी आणि कडेने, पात्याचं बूड, टोक स्टीलपट्टीशेजारी, मूठ चौकड्या किंवा कड्या स्पष्ट दिसतील इतक्या जवळून, आणि म्यानाची मागची बाजू. फोटो फ्लॅशशिवाय, खिडकीच्या तिरक्या उजेडात. सुंदर काळ्या मखमलीवर समोरून काढलेल्या एका फोटोवर पैसे पाठवणारे अजूनही आहेत, आणि विक्रेत्यांचं त्यांच्यावरच भागतं.

कायद्याचं शेवटी सांगतोय, पण मागवायच्या आधी वाचा. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. एफ-एसचं पातं त्यात बसत नाही, म्हणून बरेच जण निर्धास्त असतात. आयातीची गोष्ट वेगळी. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम १० प्रमाणे परदेशातून शस्त्र आणायला परवाना लागतो, आणि लढाईसाठीच घडवलेला खंजीर शस्त्राच्या व्याख्येत येतो. पार्सल कस्टममध्ये अडकलं की विक्रेता हात झटकतो, पैसेही जातात आणि चौकशी मागे लागते ती वेगळी. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या भावाला ‘येताना बॅगेत टाकून आण’ असं सांगणं म्हणजे तोच उद्योग त्याच्या गळ्यात घालणं. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी निघणाऱ्या मनाई आदेशांत शस्त्र घेऊन फिरायला बंदी असते, तेव्हा विकत घेतलेला खंजीर मित्राला दाखवायला पिशवीत घालून नेऊ नका, मित्रालाच घरी बोलवा.